लोहचुंबकासारखी शाळा

अमेरिकेंत गोऱ्या व कृष्णवर्णी मुलांच्या कायद्यानें वेगळ्या ठेविलेल्या सरकारी शाळा सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं घटनाबाह्य ठरविल्या. तथापि वस्त्या वेगळ्या, म्हणून शाळाहि वेगळ्याच राहिल्या. तेव्हां १९६८ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील टॅकोमा शहरीं मॅक्कार्व्हर प्राथमिक शाळेंत निराळा उपाय योजिला गेला. सक्ती न करितां शिक्षणच इतकें सरस करावयाचें कीं, दूरच्या पालकांनीं आपण होऊन मुलें धाडावीं! अशा शाळांस तेथें ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबक, म्हणतात. कोठें विज्ञानावर, कोठें संगीतावर भर असतो, फी नसते, अर्ज फार आल्यास बहुधा चिठ्ठ्या टाकितात. परंतु ज्याची चिठ्ठी निघाली नाहीं, त्या बालकाचें काय? चुंबकाच्या सहवासानें साध्या लोखंडासहि तो गुण येतो. या शाळांचा गुण शेजारच्या शाळांस लागेल, तेव्हांच त्यांचें नांव सार्थ होईल.