स्कूटरच्या मागची चमकती पट्टी : चालवणाऱ्याला विचारून करावी



गाळप हंगाम म्हणजे रस्त्यांचाही हंगाम. गव्हाणीत पहिली मोळी पडली की उन्हाळा लागेपर्यंत कार्यक्षेत्रातील रस्ते रात्रंदिवस वाहत असतात. ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी असे सगळे एकाच वाटेला. नेमका याच दिवसांत आपला सभासदही रात्री रस्त्यावर असतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की बाराला नाहीतर दोनला उठून, दुचाकीला किक मारून मळा गाठावा लागतो. पहाटे डेअरीला दूध, तिन्हीसांजेला वैरणीचा भारा. कृष्णा-वारणाकाठच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत धुके पडते, ते वेगळेच.

ऊस वाहतुकीच्या वाहनांना रिफ्लेक्टर लावा, असे शेती खाते दर हंगामात सांगते. ते सांगणे चालूच राहील. या वेळी मात्र सभासदाच्या स्वतःच्या दुचाकीविषयी मुद्दाम लिहीत आहोत. गटवार बैठकांत हा विषय निघाला, तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच होते : "आमच्या गाडीला रेडियम हाय की!" ते रेडियम रात्री खरोखर दिसते का, कुणाला दिसते आणि किती लांबून दिसते, एवढे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

रेडियम म्हणजे काय?

आपल्याकडे चमकणाऱ्या प्रत्येक पट्टीला 'रेडियम' म्हणतात. क्यूरी पतिपत्नींनी १८९८ साली शोधलेले रेडियम हे मूलद्रव्य वेगळे. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात दिसावेत म्हणून त्याचा रंग वापरीत, तेव्हापासून हे नाव तोंडात बसले. आजच्या पट्टीत रेडियम औषधालाही नसते. दुकानात 'रेडियम' म्हणून तीन निरनिराळे माल मिळतात, ते ओळखता आले पाहिजेत.

पहिला माल म्हणजे साधा रंगीत चिकट कागद. उन्हात तो झगमगतो, पण रात्री त्याचा उपयोग नाही. दुसरा, डोळ्यांत भरणारा भडक पोपटी किंवा नारिंगी रंग. दिवसा आणि कातरवेळी हा लांबून उठून दिसतो. काळोख पडला की तो साध्या कागदासारखाच. तिसरा माल मात्र खरा, म्हणजे परावर्ती पट्टी. तिच्यात काचेचे अतिशय बारीक मणी किंवा बारीक कोनदार खाचा असतात. खाचांच्या पट्टीवर जवळून पाहिले तर जाळीसारखी नक्षी दिसते. ही पट्टी मण्यांच्या पट्टीपेक्षा साधारणपणे अधिक उजळ असते आणि महागही असते.

हिचा गुण समजायला गोठ्यात जावे. रात्री बॅटरी मारली की बैलाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. डोळ्याच्या आतल्या बाजूला चकाकता पडदा असतो आणि आलेला उजेड तो आल्या वाटेने परत पाठवतो. चुन्याची भिंत उजेड चहूकडे उधळते, आरसा तो भलतीकडे फेकतो, आणि परावर्ती पट्टी तो ज्याचा त्याला परत देते. मागच्या वाहनाच्या दिव्याचा उजेड त्याच वाहनाच्या चालकाकडे परततो, म्हणून त्याला पट्टी पेटल्यासारखी दिसते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ती तितकी दिसत नाही. दुकानात बल्बखाली धरून पट्टीची पारख होत नाही, त्याचे कारण हेच. पट्टी अंधारात ठेवून पन्नास पावले मागे जावे, बॅटरी डोळ्याच्या शेजारी धरावी आणि मग पाहावे. खरी असेल तर पेटेल.

गुंठ्याचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटर. डोळा मिटून उघडेपर्यंत दीड-पावणेदोन गुंठ्यांची लांबी मागे पडली असे समजा. पुढे काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या डांबरीवर थांबायला आणखी सुमारे २५ मीटर लागतात. एकूण ५० मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांच्या बाजू ओळीने. रस्त्यावर पाचट, वाडे किंवा ट्रॉलीच्या चाकांचा चिखल पडलेला असेल तर याहून जास्त.

आता डीपर दिव्यात काळी, धुळकट वस्तू साधारण ३० ते ४० मीटरवर नजरेस येते. हिशेब तिथेच तुटतो. दिसले तेव्हा थांबायला जागा उरलेली नसते. चांगली, स्वच्छ परावर्ती पट्टी शे-दीडशे मीटरवरून दिसते. चालकाला दोनाऐवजी सहा-आठ सेकंद मिळतात. एवढ्याशा पट्टीने विकत घेतलेले हे चार-सहा सेकंदच माणूस घरी पोचवतात.

आधी चालवणाऱ्याला विचारा

पट्टी खरी असली तरी चुकीच्या जागी लावली तर वाया जाते. दुकानदार गाडी पाहून पट्टी कापतो. गाडीवर काय लादले जाते, ती रात्री कुठे उभी राहते, हे त्याला ठाऊक नसते. ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून पट्टी कापण्याआधी ही पाच उत्तरे घ्यावीत.

१. गाडीवर काय लादता? एका सभासदाने सांगितले, "सायेब, भारा बांधला की लाल दिवाच काय, नंबरसुद्धा दिसत नाय." हीच गत दुधाच्या कॅनची, खताच्या पोत्याची आणि मागे बसलेल्या माणसाच्या घोंगडीची.

२. गाडी रात्री कुठे उभी करता? १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप लागलेला राहतो. पण मोटर चालू करायला गेलात आणि गाडी रस्त्याकडेला बंद करून ठेवलीत, की सगळा अंधार. तेव्हा पट्टी हीच एकटी राखणदार.

३. उभी करताना गाडीचे तोंड कुठे असते? बांधाकडे तोंड करून आडवी लावत असाल तर येणाऱ्याला गाडीची बाजू दिसते, पाठ नव्हे.

४. कोणत्या रस्त्याने जाता? पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडावा लागत असेल तर बाजूची पट्टी मोठी हवी. पाणंदीतून जात असाल तर चिखल कुठवर उडतो ते पाहावे.

५. बूट, पोते, दोरी कुठे घासते? तिथे लावलेली पट्टी महिन्यात सोलून निघते.

उत्तरे मिळाल्यावर गाडीवर नेहमीचे ओझे बांधावे, चालवणाऱ्याला वर बसवावे आणि मागून पाहावे. जेवढा पत्रा मोकळा दिसतो, तेवढीच पट्टीची जागा. वर्तमानपत्राचे तुकडे कापून तिथे चिकटवावेत, मग रात्री दुरून पाहावे. कागद हलवायला पैसे पडत नाहीत. जागा नक्की झाली की त्याच कागदाच्या मापाने पट्टी कापावी.

रंग, आकार आणि जागा

रंगाच्या बाबतीत हौस नको. मागे लाल, पुढे पांढरा, बाजूला पिवळा, हाच रिवाज पाळावा. रात्री चालक रंगावरूनच ठरवतो की समोरचे वाहन येते आहे की जाते आहे. मागे पांढरी पट्टी लावली तर आपली गाडी समोरून येते आहे असा त्याचा समज होईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०४ प्रमाणे मोटारसायकलला मागे किमान एक लाल परावर्तक असलाच पाहिजे. पट्टी ही त्याला जोड आहे, बदली नव्हे.

दुचाकीला मागे मधोमध एक उभी लाल पट्टी असावी आणि दोन्ही बाजूंच्या मागच्या कडांना एकेक लहान तुकडा. उंची गुडघा ते कंबर यांच्या दरम्यान, कारण डीपरचा उजेड तिथेच पडतो. भारा नेणाऱ्याने आणखी एक करावे : हाताच्या पंजाएवढ्या पातळ पत्र्यावर लाल पट्टी चिकटवून, भोक पाडून, ती दोरीने भाऱ्याच्या मागच्या अंगाला बांधावी. भारा उतरला की पत्रा काढून डिकीत टाकावा.

दिव्यावर, इंडिकेटरवर आणि नंबर प्लेटवर काहीही चिकटवू नये. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना येणारी उच्च सुरक्षा नंबर प्लेट स्वतःच परावर्ती असते. ती नुसती पुसत राहिलात तरी पुष्कळ.

नावाचे काय?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. औदुंबरचा दत्त, पालीचा खंडोबा, मांढरदेवीची काळूबाई, नाहीतर धाकट्या लेकीचे नाव गाडीवर हवेच असते. त्याला आमची ना नाही. ज्या गाडीवर आपले नाव आहे, ती माणूस पुसतोही जास्त वेळा. फक्त रचना उलटी करावी. बारीक चमकती अक्षरे काळ्या पत्र्यावर काढली तर रात्री नुसती रेघोटी दिसते. त्याऐवजी पट्टी अखंड, रुंद ठेवावी आणि अक्षरे तिच्यातून कोरून काढावीत. चमकणारा भाग मोठा राहतो आणि नावही वाचता येते. लाल पट्टीवर जाड शाईने छापून घेऊ नये. शाईखालचा भाग उजेड परत देत नाही.

चिकटवण्याची रीत

साताऱ्यात १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून निघालेली 'प्रिया' अजून काही घरांत आहे. तिथे आता स्कूटर बनत नाहीत, पण जुना पत्रा टिकून आहे. अशा पत्र्याच्या गाडीचे बाजूचे डबे गोलाकार असतात. परावर्ती पट्टी फारशी ताणत नाही. गोलाईवर मोठा तुकडा लावला तर सुरकुती पडते, सुरकुतीत पाणी शिरते आणि पट्टी उठते. म्हणून तिथे दोन-तीन बोटांचे लहान तुकडे शेजारी शेजारी लावावेत. प्रत्येक तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करावेत, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो.

गंज असेल तर घासून काढावा. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकवून, मग स्पिरिटने पुसावी. रॉकेल-डिझेलचा हात लावू नये, तेलकटपणावर पट्टी धरत नाही. पत्रा कोमट असताना, दुपारी, मधून कडेकडे फडक्याने दाबत पट्टी लावावी. एक दिवस पाणी लागू देऊ नये. पुढे आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावे. चिखलाखाली गेलेली पट्टी असून नसल्यासारखीच.

ट्रॉली आणि बैलगाडीलाही हाच न्याय

चालवणाऱ्याला विचारण्याची ही रीत ऊस वाहतुकीलाही लागू आहे. ट्रॉलीच्या फाळक्यावर पट्टी लावलेली असते, पण ऊस भरला की वाढे मागे लोंबते आणि फाळका झाकून जातो. गाडीवानांनी सुचवलेला उपाय भाऱ्यासारखाच आहे : पट्टी लावलेले दोन पत्रे दोरीने शेवटच्या मोळ्यांवर, डाव्या आणि उजव्या टोकांना बांधावेत. दोन्ही टोके दिसली पाहिजेत. एकाच टोकाला एकच लाल ठिपका असेल तर मागच्याला वाटते मोटारसायकल चालली आहे, आणि तो बाजूने काढायला जातो, तो थेट उसाच्या मोळ्यांवर. थोडक्यात, दुचाकी दुचाकीसारखी दिसावी आणि ट्रॉली ट्रॉलीएवढी दिसावी.

अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात १९६० च्या दशकात सावकाश चालणाऱ्या शेती वाहनांसाठी नारिंगी त्रिकोणाची खूण तयार झाली. त्रिकोण दिसला की पुढचे वाहन हळू चालले आहे हे मागच्याला लांबूनच कळते. आपल्या बैलगाडीचा वेग तर माणसाच्या चालीएवढा. बैलगाडी मोटार वाहनांच्या नियमात येत नाही, त्यामुळे तिची काळजी मालकाने, मुकादमाने आणि आपण सर्वांनीच घ्यायची. मागे दोन लाल पत्रे, पुढे जुवावर पांढरी पट्टी आणि चाकावर एखादा पिवळा तुकडा. चाक फिरते तसा तुकडा वरखाली होतो आणि गाडी चालते आहे हे बाजूच्याला समजते. फडातले तोडणी मजूर परगावचे असतात. आपल्या उसासाठी ते रात्री रस्त्यावर उतरतात, हे विसरून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. पट्टी स्वतः उजेड देत नाही. दाट धुक्यात तिचा पल्ला घटतो, आणि मागून येणाऱ्याचा दिवा बंद असेल तर तिचा काहीच उपयोग नाही. म्हणून मागचा दिवा आधी दुरुस्त करावा, पट्टी नंतर. नादुरुस्त वाहन डांबरीवर ठेवावे लागले तर कडेला घ्यावे आणि दगड ठेवण्याऐवजी परावर्ती त्रिकोण ठेवावा. काम झाले की रस्त्यावर दगड सोडून जाऊ नये. पुढच्या दुचाकीवाल्याला तोच घात करतो.

सभासदांनी आज रात्रीच एक काम करावे. गाडीवर नेहमीचे ओझे बांधून ती अंगणात उभी करावी, शंभर पावले मागे जावे आणि डोळ्याशेजारी बॅटरी धरून पाहावे. घरातल्या मंडळींनाही दाखवावे, कारण वाट पाहणारे तेच असतात. काही दिसले नाही, तर गाडी ओझ्यासकट गट ऑफिसला आणावी. कागद कापून जागा ठरवायला आमचे कर्मचारी मदत करतील.



ऊस विकास अधिकारी,
शेती खाते