आकड्यांची माणसे आणि म्हैसूरची शाळा

‘कॉम्प्युटर’ हा शब्द आज आपण यंत्रासाठी वापरतो. एकोणिसाव्या शतकात मात्र ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. मेजाशी बसून, कोष्टकांच्या आधारे दिवसभर आकडेमोड करणारा कर्मचारी म्हणजे कॉम्प्युटर. भारतात या पेशाचा मोठा आश्रयदाता म्हणजे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण, आणि त्याच्या कल्पनेचा उगम म्हैसूरच्या परिसरातला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणचा पाडाव झाला. त्या लढाईत सहभागी असलेल्या विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने त्यानंतर दक्षिण द्वीपकल्पाच्या गणिती मोजणीची योजना मांडली. १८०२ मध्ये मद्रास येथून कामाला आरंभ झाला. हेच काम करीत असता १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. पुढे १८३१ मध्ये ‘कॉम्प्युटर’ म्हणून या खात्यात रुजू झालेल्या राधानाथ सिकदार यांचा, आज एव्हरेस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिखराची उंची निश्चित करण्यात प्रमुख वाटा मानला जातो.

माणसाच्या हुद्द्याचे नाव पुढे यंत्राला मिळाले. पण म्हणून गणन करणारी माणसे संपली का? तसे झाले नाही. त्यांची संख्या वाढली आणि कामाचे रूप पालटले. आज भारताच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगात पन्नास लाखांहून अधिक लोक काम करतात. त्यांतील हजारोंची पहिली पायरी म्हणजे म्हैसूर!

विद्येचे जुने पीठ

म्हैसूरला हे स्थान योगायोगाने लाभलेले नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालविलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९१३ साली बँक ऑफ म्हैसूर स्थापन झाली आणि १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ उभे राहिले. बँक आणि विद्यापीठ, भांडवल आणि विद्या, यांची पायाभरणी एकाच दृष्टीने झाली, हे बँकेच्या वाचकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे. ती बँक पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली व २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

१९४६ मध्ये येथे राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्था सुरू झाली. याच संस्थेतून १९६७ साली नारायण मूर्ती पदवीधर झाले. त्यांनी सहा सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली, ती पत्नी सुधा मूर्ती यांनी साठविलेल्या दहा हजार रुपयांच्या बळावर. कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली. नव्या भरतीच्या शिक्षणासाठी मात्र तिने म्हैसूरची निवड केली. तीनशे एकरांहून मोठ्या आवारात उभारलेल्या प्रशिक्षण केंद्राचा दुसरा टप्पा सप्टेंबर २००९ मध्ये सोनिया गांधी यांच्या हस्ते सुरू झाला. एका वेळी तेरा हजारांहून अधिक तरुण येथे राहून शिकू शकतात. त्यांत संगणकशास्त्राच्या पदवीधरांबरोबर यंत्र, स्थापत्य, विद्युत अशा शाखांतले अभियंतेही असतात. काही महिने आज्ञावली-लेखन, विदासंच आणि तर्कशुद्ध मांडणी यांचे धडे घ्यायचे, परीक्षा द्यायच्या व मग प्रकल्पावर जायचे, असा हा क्रम. उमेदवाराला काय येते, यापेक्षा तो किती लवकर शिकतो, हे पाहण्यावर या पद्धतीचा भर आहे.

आपल्या पासबुकातील आकडा

या माणसांच्या श्रमाचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न खातेदाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या पासबुकातच आहे.

बँकांत खतावणीची जाडजूड लेजरे होती, तेव्हा बचत खात्यावरील व्याज दरमहा १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकेवर दिले जाई. यात कोणाचा कावा नव्हता. लक्षावधी खात्यांची रोजची शिलक धरून व्याज काढणे मनुष्यबळाला अशक्यच होते. समजा, तीस दिवसांच्या महिन्यात एखाद्याच्या खात्यात १ ते २५ तारखेपर्यंत ५०,००० रुपये होते आणि २६ तारखेला त्याने ४०,००० रुपये काढले. साडेतीन टक्के दराने जुन्या पद्धतीत त्याला केवळ १०,००० रुपयांवरचे, म्हणजे सुमारे २९ रुपये व्याज मिळे. रोजच्या शिलकेवर हिशेब केला, तर ते सुमारे १२५ रुपये होते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१० पासून सर्व बँकांत रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झाले. कोअर बँकिंगचे जाळे तोवर विणले गेले नसते, तर हा निर्णय कागदावरच राहिला असता. इन्फोसिसची ‘फिनॅकल’ काय किंवा टीसीएसची ‘बँक्स’ काय, अशा प्रणालींमागे असंख्य अनामिक आज्ञावलीकारांची मेहनत आहे.

भय आणि अनुभव

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना दुसरीही एक गोष्ट आठवत असेल. संगणक येणार म्हणताच बँकांत नोकऱ्या जाण्याचे भय पसरले होते. १९८३ मध्ये कर्मचारी संघटना व भारतीय बँक संघ यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. लेजर पोस्टिंग यंत्रे, शाखांचे संगणकीकरण आणि अखेर कोअर बँकिंग, असे टप्पे पार करायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. तो काळ मिळाला, वाटाघाटी झाल्या, प्रशिक्षण मिळाले, म्हणूनच आयुष्यभर टाक आणि रूळ हाताळलेली माणसे पन्नाशीत की-बोर्डवर सराईत झाली.

आज तेच भय आज्ञावलीकाराच्या दारी आले आहे. सोप्या आज्ञावली लिहिणे, त्या तपासणे ही नवशिक्यांची कामे कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात करू लागली आहे. या वेळी उसंत फारशी नाही. २०२२ मध्ये इन्फोसिसने निवडलेल्या अनेक तरुणांना प्रत्यक्ष रुजू व्हायला २०२४ उजाडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना, तीन संधींनंतरही अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण न झाल्याच्या कारणावरून, घरी जावे लागले. कर्मचारी संघटनेने याविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे दाद मागितली. परीक्षेचा आग्रह कंपनीला आवश्यक वाटतो, यात नवल नाही. पण दोन वर्षे वाट पाहून आलेल्या मुलाच्या दृष्टीने ती केवळ परीक्षा नसते. तिच्यामागे घरच्यांची आशा असते आणि पुष्कळदा शैक्षणिक कर्जही.

पालकांसाठी दोन शब्द

येथे बँकेचा ग्राहक या नात्याने काही पथ्ये पाळता येतील. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात. नेमणूकपत्र हाती आले म्हणजे पगार सुरू झाला, असे समजून घरखर्चाची आखणी करू नये. शिक्षणाच्या काळातही व्याज चढत असते. ते त्या त्या वेळी भरता आले, तर पुढचा भार हलका होतो. असे व्याज भरणाऱ्यास दरात सवलत देण्याची तरतूदही या योजनेत आहे. आपल्या शाखेत तिची चौकशी जरूर करावी. रुजू होण्यास विलंब झाल्यास हप्ता थकण्यापूर्वीच शाखाधिकाऱ्यांना भेटावे. थकबाकीनंतर निघणाऱ्या मार्गापेक्षा आधी काढलेला मार्ग केव्हाही सुकर असतो.

आणि मुलांना काय सांगावे? आज्ञावलीची भाषा दर काही वर्षांनी बदलते, परंतु गणिताचा पाया बदलत नाही. सिकदारांची कोष्टके इतिहासजमा झाली. मात्र मोजणीत चूक कोठे शिरू शकते, हे ओळखण्याची त्यांची दृष्टी आजही तितकीच मोलाची आहे. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे ठरविणारा माणूस उद्याही लागेल. तो घडायला वेळ लागतो आणि त्याची किंमत एकट्या तरुणाने मोजावी, हे रास्त नव्हे. बँकांच्या संगणकीकरणात संस्था, संघटना व कर्मचारी यांनी मिळून ती मोजली होती. विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीत विद्यापीठ आणि बँक पाठोपाठ उभी राहिली, त्यामागचा विचारही याहून निराळा नसावा.