रात्रीचा सोपा व सकस स्वयंपाक

नांदेड जिल्ह्यातील नायगाव, नरसी ह्या भागात सोयाबीनची काढणी सुरू झाली, की घरातील स्त्रिया दिवस मावळेपर्यंत शेतात असतात. घरी परतल्यावर पाठ टेकण्याचीही ताकद उरलेली नसते आणि चूल तर पेटवावीच लागते. अशा दिवसांत बहुतेक घरी सकाळची भाकरी व मिरचीचा ठेचा ह्यावर रात्र निभावली जाते, नाहीतर दुकानातील पुडे फोडून मुलांची भूक भागविली जाते. खळ्यावर मात्र त्याच वेळी सोयाबीन, मूग व उडीद ह्यांची पोती भरून बाजारास निघालेली असतात. ज्या घरात डाळ पिकते, त्या घरातील ताटात डाळ नसावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, परंतु आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील मोठे कारण होय. लोह हिरव्या पालेभाज्यांत आहे, डाळींत आहे, ज्वारी-बाजरीतही आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ ह्या ज्वारीच्या वाणात लोह व जस्त अधिक आहे. जेवणात लिंबाची फोड घेतल्यास धान्यातील व भाजीतील लोह शरीरात अधिक मुरते. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा त्याला अडसर होतो. जेवणानंतर तासभर चहा टाळल्यास पैसाही खर्च होत नाही.

रात्रीच्या स्वयंपाकाचे काम एकट्या गृहिणीवर टाकण्याचे कारण नाही. ज्यास भाकरी थापता येत नाही, अशा घरधन्यास किंवा मुलासही पुढील पदार्थ करता येतील.

सर्वांत सोपी ती ज्वारीच्या कण्यांची खिचडी. काढणीपूर्वीच दोन भाग कण्या व एक भाग मुगाची डाळ निरनिराळी कोरडी भाजून, गार झाल्यावर एकत्र करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावी. रात्री एक वाटी मिश्रण अर्धा तास भिजवावे, फोडणीत कांदा, हळद व चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला परतावा आणि चार वाट्या पाणी घालून कुकरमध्ये शिजवावे. धान्य आणि डाळ एकत्र आली म्हणजे एकातील प्रथिनांचे उणे दुसऱ्यातील प्रथिने भरून काढतात. वरून शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी असली, तर मुले दुसऱ्यांदा मागून घेतात.

पिठल्यात गाठी होतात, अशी नवशिक्यांची तक्रार असते. एक वाटी बेसन तीन वाट्या गार पाण्यात आधीच नीट कालवून घ्यावे व मग फोडणीवर ओतून सारखे ढवळावे, म्हणजे गाठी राहात नाहीत. मंद आचेवर पाच-सात मिनिटे वाफ देणे मात्र अवश्य. कच्चे बेसन पोटास बाधते.

भाकरी तुटते त्याचे कारण पुष्कळदा हातात नसून पिठात असते. दळून बरेच दिवस झालेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते. असे पीठ उकळत्या पाण्यात मळावे. तरीही जमले नाही, तर मराठवाड्याचे धपाटे आहेतच. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, थोडी कणीक, दही, लसूण, मीठ, तिखट व मूठभर पालेभाजी एकत्र मळावी, ओल्या फडक्यावर गोळा थापावा व फडक्यासह तव्यावर उलटून फडके सोडवून घ्यावे. आकार वेडावाकडा झाला तरी चवीत फरक पडत नाही. सोबत दही असले, की दुसरी भाजी लागत नाही.

सोयाबीनात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. विकण्यापूर्वी दोन-चार पायल्या घरी ठेवण्यास हरकत नाही. पण कच्चे सोयाबीन दळू नये, कारण त्यातील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात. दाणे रात्रभर भिजवून, पाणी बदलून, अर्धा तास चांगले उकळावेत; नंतर कडक उन्हात पूर्ण वाळवून नऊ किलो ज्वारीस एक किलो ह्या प्रमाणात दळून आणावेत. प्रमाण वाढविल्यास पिठाची चव बिघडते व मग ते पीठ डब्यात पडून राहते.

पावसाळ्यात बांधावर आलेली अंबाडी ही तर ह्या भागाची जुनी सोय. पाला उकडून, पिळून त्याचा आंबटपणा कमी करावा व तूर डाळ आणि मूठभर कण्यांसह शिजवावा. लसणाची फोडणी वरून घालावी. सीमेपलीकडे तेलंगणात हीच भाजी मोठ्या आवडीने खातात. हंगामात पाला सावलीत वाळवून ठेवला, तर काढणीच्या घाईत तो भिजवून एका भांड्यात डाळीबरोबर शिजविता येतो.