जुन्या सीएनसी यंत्रांची नेटवर्कशी जोडणी
१९८०च्या दशकातील बहुतेक सीएनसी यंत्रे, म्हणजे संगणकीय आज्ञावलीनुसार धातू कापणारी लेथ व मिलिंग यंत्रे, बाहेरच्या जगाशी आरएस-२३२ प्रकारच्या, एकामागून एक बिट पाठवणाऱ्या सिरियल पोर्टमधूनच बोलतात. त्यांना इथरनेटवर आणण्यासाठी मध्ये ‘सिरियल डिव्हाइस सर्व्हर’ ही छोटी पेटी बसवतात; ती नेटवर्कवरून आलेली माहिती उलगडून यंत्राला बिटांच्या रांगेत पुरवते. खरी अडचण वेगाची नसून जुळणीची असते : बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग), पॅरिटी (चूक ओळखणारा जादा बिट) आणि यंत्राची मेमरी भरत आली की ‘थांबा’ सांगणारा एक्सऑफ संकेत दोन्ही टोकांना सारखे नसतील, तर आज्ञावली अर्धवट पोहोचते, आणि कापणी चालू असताना ते महागात पडते. आरएस-२३२ची केबल साधारणतः १५ मीटरपर्यंतच भरवशाची असल्याने ही पेटी यंत्रालगतच बसवावी.