टाकाऊ खवल्याची साक्ष

वडनेरच्या आमच्या घरी मासोळी साफ करण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. राख चोळायची, खवले काढायचे आणि उकिरड्यावर टाकायचे. या खवल्यावरून मासा काय खाऊन वाढला हे सांगता येते, असे यंदा वाचनात आले. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने यात डोके घालावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि घरी सांगता येईल असे शास्त्र मला प्रथमच भेटले.

नायट्रोजनचे दोन स्थिर प्रकार असतात : 14 वजनाचा हलका व 15 वजनाचा जड. त्यांना समस्थानिके म्हणतात. हवेतील नायट्रोजनात जड प्रकार अवघा 0.37 टक्के. प्राण्याच्या शरीरातून हलका नायट्रोजन अधिक बाहेर पडतो व जड मागे उरतो. म्हणून शेवाळापेक्षा ते खाणाऱ्या किड्यात आणि किड्यापेक्षा त्याला खाणाऱ्या माशात जड नायट्रोजन जास्त. ही वाढ दर पायरीस सरासरी हजारी 3.4 असल्याचे मिनागावा व वाडा या जपानी शास्त्रज्ञांनी 1984 साली दाखविले. कार्बन मात्र पायरीगणिक फारसा बदलत नाही. त्यावरून अन्न मुळात पाण्यातल्या शेवाळाचे की काठावरून गळलेल्या पानांचे, याचा अंदाज येतो.

ही तपासणी सहसा माशाच्या स्नायूवर करतात व त्यासाठी बहुधा मासा मारावा लागतो. पण खवल्यातील कोलॅजेन या प्रथिनातही तीच नोंद उतरते. दोन-चार खवले काढून मासा पाण्यात सोडता येतो. त्या जागी नवे खवले येतात. धुऊन वाळविलेला खवल्याचा लहानसा तुकडा जाळतात आणि निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटर यंत्राने मोजतात. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत महसीर मासे श्रद्धेने राखले जातात. अशा ठिकाणी अभ्यास करायचा तर हीच वाट योग्य.

अर्थात अडचणीही आहेत. खवल्याचा व स्नायूचा आकडा एक नसतो. प्रत्येक जातीसाठी फरक आधी काढावा लागतो. शिंगाड्याला तर खवलेच नाहीत. शिवाय सांडपाण्याने पाण्यातलाच जड नायट्रोजन वाढतो. म्हणून त्याच पाण्यातले शिंपले किंवा गोगलगायीही तपासाव्या लागतात. नाहीतर साधा मासा मोठा शिकारी ठरायचा!

हे बाबांना सांगितले तेव्हा ते हसले. "मरळ मासोळ्या खाते, हे आम्हाले पोट फाडलं की दिसते."

"पोटात कालचं जेवण दिसते, बाबा. खवल्यात महिन्यांचं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पयल्यासारखी मासोळी आता राह्यली नाही. न मारता समजत असन, तर बरंच हाय."

कोरडे ठेवलेले खवले अनेक वर्षांनीही तपासता येतात. आजोबांच्या काळातले कुणी जपले असते तर त्या वेळचे मासे कशावर जगत होते, हे आज कळले असते. म्हणून परवा मरळीचे चार खवले मी कागदी पाकिटात घातले आणि वर जात, गाव व तारीख लिहून ठेवली.