धातूंचे अंगरखे

ज्या घरांत तांब्यापितळेची भांडी रोजच्या वापरात असत, त्या घरी वर्षातून एकदोनदा कल्हईवाला येई. अंगणाच्या कडेला तो जमिनीत लहानसा खड्डा करी, त्यात कोळसे पेटवी आणि भात्याने वारा घालून ते फुलवी. मग पातेले त्या धगीवर धरून तो आत नवसागराची पूड टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे. त्यासरशी कथलाची कांडी तो तापलेल्या पितळेवर टेकवी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवी. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे लखलखू लागे. हा चमत्कार पाहावयास आळीतील सारी मुले गोळा होत.

पण कल्हई केवळ शोभेसाठी नव्हती. ताक, चिंच, आमसूल असा आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवला तर तो कळकतो. म्हणजे भांड्याचा धातू पदार्थात उतरतो, त्याची चव बिघडते आणि तो खाणाऱ्यास बाधतो. कथलाचा पातळ थर मध्ये आला की ही भीती राहत नाही. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते, म्हणून त्याला कोळशाची धग पुरते. आणि नवसागर कशासाठी? तो पितळेवरील मळ व काळिमा काढून टाकतो. मळलेल्या धातूला दुसरा धातू धरीत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कारखान्यातही तिची गाठ पडणार आहे.

आपल्या कल्याणचे आणि धातूंचे नाते फार जुने आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या ग्रीक लेखकाने ‘कल्लियाना’ बंदरातून तांबे परदेशी जात असल्याचे लिहून ठेवले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याणच, असे विद्वान मानतात. आज कल्याणच्या खाडीतून तांब्याची गलबते निघत नाहीत. मात्र १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कितीतरी लहानमोठे कारखाने उभे राहिले. भाग घडला की त्याला अंगरखा चढवावा लागतो. म्हणून अशा वसाहतींत कल्हईवाल्याचे दूरचे भाऊबंद असतातच. त्यांच्या कलेला विद्युत् विलेपन म्हणतात. कारखान्यातली माणसे मात्र सरळ ‘प्लेटिंग’ म्हणतात.

ही कला कशी जन्मली, ते पाहू. पूर्वी चांदीच्या किंवा तांब्याच्या वस्तूवर सोन्याचा मुलामा द्यावयाचा तर सोने पाऱ्यात कालवून तो लेप वस्तूवर चोपडीत व वस्तू विस्तवावर धरीत. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने मागे राही. ती वाफ कारागिराच्या श्वासातून शरीरात जाई. त्याचे हात कापू लागत, दात हलू लागत, आणि राजवाड्यांचे कळस सोनेरी करणारा तो माणूस अकाली मरे. १८०० साली इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने विजेचा पहिला घट बनविला. अवघ्या पाच वर्षांनी, १८०५ मध्ये, ब्रुन्यातेल्ली या त्याच्याच देशातील रसायनशास्त्रज्ञाने त्या विजेच्या साह्याने चांदीच्या पदकांवर सोन्याचा थर बसवून दाखविला. पारा नाही, विस्तव नाही! पुढे १८४० मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे एल्किंग्टन आडनावाच्या चुलतभावांनी या रीतीचे एकस्व मिळविले आणि तिचा मोठा धंदा झाला.

कृती समजण्यास कठीण नाही. हौदात निकेलच्या क्षाराचे हिरवे द्रावण भरलेले असते. त्यात निकेलचे तुकडे बॅटरीच्या धन टोकास जोडून सोडतात आणि ज्या वस्तूवर थर द्यावयाचा ती ऋण टोकास जोडून लोंबकळत ठेवतात. द्रावणातील निकेलच्या कणांवर धन विद्युत्भार असतो, म्हणून ते ऋण टोकाकडील वस्तूकडे ओढले जातात, तेथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतात आणि ते धातू होऊन चिकटून बसतात. इकडे जितके कण वस्तूवर बसले, जवळजवळ तितकेच निकेल दुसऱ्या टोकास विरघळते, म्हणून द्रावण सहसा उणे पडत नाही.

पण वस्तूवर तेलाचा नुसता बोटाचा ठसा असला तरी थर तेथून पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून वस्तू आधी अल्कात धुतात, मग पाण्यात, मग आम्लात बुडवून तिचा गंज काढतात, मग पुन्हा पाण्यात. प्लेटिंगच्या कारखान्यात एका विलेपनाच्या हौदामागे धुण्याचे चारपाच हौद असतात, ते यासाठी.

शिक्षक समोर असताना एक प्रयोग करून पाहा. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा क्षणभर बुडवा. बॅटरी नसतानाही त्यावर तांबूस थर येईल! मात्र बोटाने चोळताच तो निघून जाईल. लोखंड पाहताच तांबे इतक्या उतावीळपणे बाहेर येते की त्याची वीण घट्ट बसत नाही. (मोरचूद विषारी आहे, प्रयोगानंतर हात स्वच्छ धुवा.) तांब्याचा हा उतावीळपणा रोखण्यासाठी कारखानदारांना एक पदार्थ सापडला. तो तांब्याला द्रावणात घट्ट धरून ठेवी आणि विजेच्या ओढीनेच हळूहळू सोडी. थर मग मखमलीसारखा बसे. तो पदार्थ म्हणजे सायनाइड, जगातील अतिशय जलद विषांपैकी एक. त्यात आम्ल मिसळले की प्राणघातक वायू सुटतो, आणि प्लेटिंगच्या कारखान्यात आम्लाचा हौद तर शेजारीच असतो! पाऱ्याच्या तावडीतून सुटलेला कारागीर असा सायनाइडच्या दारात जाऊन उभा राहिला.

आता तुमच्या घरातील चकचकीत नळ पाहा. तो बहुधा पितळेचा असतो. त्यावर निकेलचा थर असतो, आणि निकेलवर क्रोमियमचा. हा सर्वांत वरचा थर किती जाड असावा? मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. नळावरील क्रोमियम अर्धा मायक्रॉनसुद्धा नसते! इतक्या झिरझिरीत अंगरख्यामुळे नळ वर्षानुवर्षे काळा पडत नाही, कारण हवा लागताच क्रोमियमवर ऑक्साइडचे अदृश्य कवच तयार होते.

जस्ती बादलीची तऱ्हा याहून निराळी. लोखंडी पत्रा सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. बादलीला ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी ते लगेच गंजत नाही. शेजारचे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. क्रोमियमला किंवा कथलाला हा मोठेपणा जमत नाही. त्यांच्या थराला भोक पडले की खालचे लोखंड उलट अधिकच वेगाने गंजते. मला विचाराल तर नळाच्या चकाकीपेक्षा बादलीचा हा करडा पत्रा अधिक मानाचा आहे.

विजेच्या रीतीतही एक खोड आहे. वस्तूच्या कडांवर व कोपऱ्यांवर थर जाड बसतो आणि खाचांत व भोकांत पातळ. यावरचा उपाय काहीसा अचानक सापडला. अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे ॲबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल हे दोन संशोधक नळीच्या आतून निकेलचे विलेपन करीत होते. त्यांनी द्रावणात हायपोफॉस्फाइट नावाचे रसायन घातले, तेव्हा हिशेबाने जितके निकेल बसावयास हवे त्याहून अधिक बसलेले दिसले. नळीच्या बाहेरच्या अंगावरही, जेथे ते बसावयाचे कारणच नव्हते, निकेल चढले होते. म्हणजे वीज नसतानाही थर बसत होता. इलेक्ट्रॉन ते रसायनच पुरवीत होते. १९४६ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. आज पंप, झडपा आणि बारीक भोकांचे यंत्रभाग यांवर याच रीतीने आतबाहेर सारख्या जाडीचा थर देतात.

एवढे सारे वाचून तुम्हांला वाटेल की विलेपन म्हणजे चकाकीची विद्या. परंतु गेल्या काही दशकांतील महत्त्वाचे शोध चकाकीसाठी लागलेले नाहीत. त्यांचे कारण हौदात शोधावे लागते.

क्रोमियमच्या जुन्या हौदात गर्द नारिंगी द्रावण असते. दिलेल्या विजेपैकी शेकडा १० ते २० एवढाच भाग क्रोमियम बसविण्याच्या कामी येतो. बाकीच्या विजेने मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. बुडबुडा फुटला की द्रावणाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. या द्रावणातील क्रोमियमला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात. ते मोठे फसवे आहे. त्याच्या कणाची ठेवण सल्फेटसारखी असते आणि सल्फेट तर शरीरातील पेशींना हवेच असते. पेशी फसून दार उघडते आणि हा पाहुणा आत शिरतो. वर्षानुवर्षे असे तुषार श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या नाकातील पडद्याला भोके पडल्याचे आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे वैद्यांनी पाहिले आहे.

हौदाजवळचा माणूस एक झाला. हौदाबाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रश्न याहून व्यापक आहे. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याकडील डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण अशी वळणे घेत खाडीस मिळते. शहाडजवळ तिचे पाणी उपसून लक्षावधी लोकांची तहान भागविली जाते. डोंबिवलीत तर कारखाना आणि राहते घर यांमध्ये कधी कधी एका रस्त्याचेच अंतर असते. २०२० च्या फेब्रुवारीत तेथील औद्योगिक भागातला एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हा त्याची बातमी देशभर गेली. तो रंगाच्या रसायनांचा प्रताप होता, विलेपनाचा नव्हे. पण सर्वच विषे अशी रंग उधळीत येत नाहीत. पिण्याच्या एक लिटर पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. तेवढे क्रोमियम डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. शिवाय धातू पालापाचोळ्यासारखा कुजून नाहीसा होत नाही. तो गाळात बसून राहतो. ठाण्याच्या खाडीतील गाळात चोच घालून रोहित पक्ष्यांचे थवे आपले अन्न शोधतात. ही खाडी २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये तिची गणना जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली.

या संकटावरील पहिला उपाय गणिताचा आहे आणि मला तो सर्वांत आवडतो. समजा, दिवसभरात वस्तूंना चिकटून १ लिटर द्रावण हौदाबाहेर येते. वस्तू स्वच्छ धुवावयाची म्हणजे हे द्रावण १००० पट पातळ करावयाचे. धुण्याचा हौद एकच असेल तर १००० लिटर पाणी लागेल. आता तीन हौद ओळीने ठेवा. वस्तू पहिल्यातून दुसऱ्यात व दुसऱ्यातून तिसऱ्यात जाईल. पाणी मात्र उलट, तिसऱ्यातून पहिल्याकडे वाहील. प्रत्येक हौदात द्रावण १० पट पातळ झाले, तर १० गुणिले १० गुणिले १० म्हणजे १००० पट झाले की नाही? आणि पाणी लागले किती? सुमारे १० लिटर! दोन हौद असते तर किती पाणी लागले असते, ते तुम्ही काढा. शिवाय निकेलच्या उष्ण हौदातील पाणी सतत वाफ होऊन उडत असते. त्याची भर या पहिल्या धुवणाने करता येते, म्हणजे निकेल नाल्यात न जाता पुन्हा हौदात येते.

तरीही जे पाणी उरते त्यातील षट्संयुजी क्रोमियमचे रूप पालटावे लागते. पाणी आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकले की पिवळा रंग जाऊन हिरवट रंग येतो. ही खूण झाली त्रिसंयुजी क्रोमियमची, जे पुष्कळच कमी घातक असते. मग चुना घालताच ते गाळ होऊन तळाशी बसते. हा गाळही कोठेही फेकून चालत नाही. अशा घातक कचऱ्यासाठी तळोजे येथे खास व्यवस्था केलेली आहे.

यावरून एक साधा प्रश्न सुचतो. शेवटी त्रिसंयुजीच करावयाचे, तर आरंभच त्याने का करू नये? प्रश्न साधा, पण उत्तर हाती यावयास फार काळ लागला. त्रिसंयुजी क्रोमियम पाण्याचे रेणू आपल्याभोवती इतके घट्ट धरून बसते की ते वस्तूवर उतरावयास राजी होत नाही. त्याला सोडवून आणणारी योग्य रसायने सापडली, आणि १९७० च्या दशकात असे हौद बाजारात आले. यात विषारी तुषारांचे भय फारच कमी, आणि क्रोमियमच्या एका अणूला सहाऐवजी तीनच इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. प्रारंभी रंगछटा थोडी काळसर येई. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला ती खटके, आणि केवळ तेवढ्यासाठी कित्येक कारखाने जुना नारिंगी हौद सोडीनात! आता ती छटा जवळजवळ हुबेहूब साधते. जस्ताच्या विलेपनातही सायनाइड नसलेली द्रावणे आता सर्रास वापरली जातात.

आणखी एका रीतीत तर हौदच नाही. पेटीतील हवा शोषून घेतात, टिटॅनियमची वाफ करतात आणि थोडा नायट्रोजन सोडतात. दोहोंच्या संयोगाने वस्तूवर सोन्यासारखा पिवळा, पोलादाहून कठीण थर बसतो. घड्याळांच्या पेट्या व भोके पाडण्याची गिरमिटे यांवर तो तुम्ही पाहिला असेल. यात धुवण निघत नाही. परंतु यंत्र महाग, म्हणून लहान कारखान्याला ते सहज परवडत नाही.

एक गाठ मात्र अजून पुरती सुटलेली नाही. माती उकरणाऱ्या यंत्राचा पोलादी दांडा आठवा, जो तेलाच्या दाबाने आतबाहेर सरकतो. त्यावर नळासारखा अर्ध्या मायक्रॉनचा थर टिकणार नाही. तेथे दहापट, शंभरपट जाड आणि अतिशय कठीण क्रोमियम लागते. विमानांच्या चाकांच्या दांड्यांवर आता त्याऐवजी कठीण भुकटी प्रचंड वेगाने फवारून थर देतात. जाड थरासाठी त्रिसंयुजी क्रोमियमची द्रावणेही तयार होऊ लागली आहेत. तरी अनेक कारखान्यांत असा दांडा आजही त्या नारिंगी हौदातच उतरतो, आणि हौदाच्या कडेला बसविलेले पंखे त्याचे तुषार ओढून घेत राहतात.