घरच्या अभ्यासाची घंटा



शाळेत घंटा झाली की मुले आपोआप वर्गात बसतात. पण शाळा सुटलेली मुलगी सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीला बसते, तेव्हा तिची घंटा कोण वाजवणार? पुस्तक उघडले की हाक येते, "मोटार चालू करून ये." परत येऊन बसते तोवर म्हैस हंबरते. मग सोप्यात टीव्ही लागतो. आणि आपण म्हणतो, "हिचं लक्षच नसतं अभ्यासात!"

लक्ष तिचे नसते, की आपण ते टिकू देत नाही?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने हा प्रश्न गावाचा मानला. कोरोनात शाळा मोबाईलवर भरली. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवले, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. दीड तास मुलांनी अभ्यास करायचा. यात खरी गोम अशी, की नियम एकट्या मुलांना नव्हता, मोठ्यांनाही होता. बाप मोबाईल पाहत बसला तर मुलगा पुस्तकात कसा रमेल?

तुमच्या गावात भोंगा नसेल. घरात तर घड्याळ आहे ना? मग एवढे करा.

रोजची एक वेळ ठरवा, पहाटेची किंवा दिवेलागणीनंतरची. त्या वेळात पाहुणा आला तरी चहा दुसऱ्याने करावा. शेतातली, गोठ्यातली कामे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. कामाने अभ्यास बुडत नाही, अवेळी हाकांनी बुडतो. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढलेल्या वसतिगृहातली मुले स्वयंपाक करत, कष्टाची कामे करत आणि शिकतही.

गणितासारखा अवघड विषय डोके ताजे असताना घ्यावा. मोबाईलवर धडा पाहायचा असेल तर काय पाहायचे ते आधी कागदावर लिहावे, आणि पाहून झाले की मोबाईल फडताळात ठेवावा. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवू द्या. फॉर्म भरताना मिळालेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत मुलीबरोबर स्वतः जा, आणि तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिके कधी आहेत ते विचारून घ्या.

आणि माउलींनो, तुम्हाला वाचता येत नसले तरी रात्री भाकरी थापताना विचारा, "आज काय शिकलीस? मला सांग." जे दुसऱ्याला समजावून सांगता येते, ते डोक्यात पक्के बसते.

एकदा सुटलेली शाळा तिने पुन्हा धरली आहे. या वेळी ती आपल्या हाकेपायी सुटू नये.